जवळचा रस्ता केबलला का चालत नाही? मेट्रो आणि वीज प्रकल्पांमधल्या हजारो केबल्सचा मार्ग असा ठरतो

३१ मार्च १९९३ची पहाट. उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. टर्बाइन प्रचंड हादरला, जनरेटर थंड ठेवण्यासाठी वापरला जाणारा हायड्रोजन बाहेर पडला आणि त्याने पेट घेतला. तेलही पेटलं. मग ही आग केबल्सच्या वाटेने पुढे सरकत गेली.

कर्मचाऱ्यांनी अणुभट्टी लगेच बंद केली. पण बंद केलेली अणुभट्टीही बराच काळ उष्णता देत राहते. तिला थंड ठेवायला पंप लागतात आणि पंपांना वीज लागते. केंद्रात त्यासाठी राखीव व्यवस्था होती. अडचण अशी झाली की मुख्य आणि राखीव पुरवठ्याच्या केबल्स एकमेकींपासून पुरेशा वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या आणि आग अडवणारे अडथळेही पुरेसे नव्हते. एकाच आगीत दोन्ही सापडल्या.

सुमारे १७ तास ते युनिट विजेविना होतं. कंट्रोल रूममध्ये धूर शिरला. कर्मचारी हातात बॅटरीवरचे दिवे घेऊन इमारतीत वर चढले आणि व्हॉल्व्ह हाताने उघडून त्यांनी अणुभट्टीत बोरॉनचं द्रावण सोडलं. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी स्टीम जनरेटरला पाणी पुरवलं. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, पण अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना तिसऱ्या पातळीची ठरली.

आग लागली टर्बाइनमुळे. ती एवढी महागात पडली त्याचं मोठं कारण मात्र केबल्स कुठून नेल्या होत्या हे होतं.

मेट्रो स्टेशन, विमानतळ, वीज उपकेंद्र, रिफायनरी, डेटा सेंटर, अशा प्रत्येक ठिकाणी हजारो केबल्स असतात. त्यातली प्रत्येक केबल कोणत्या ट्रेमधून, कोणत्या पाइपमधून आणि कोणाच्या शेजारून जाणार, हे काम सुरू होण्याआधीच ठरवावं लागतं. पूर्वी हे कागदी नकाशांवर आणि तक्त्यांवर व्हायचं. आता त्यासाठी खास सॉफ्टवेअर आहेत. ती काम कशी करतात आणि कुठे चुकतात, ते समजून घेऊया.

केबल्स नेमक्या जातात कुठून?

घरात वायर भिंतीतल्या पाइपमधून जाते. मोठ्या प्रकल्पात तिच्यासाठी चार-पाच प्रकारच्या वाटा असतात.

केबल ट्रे: छताखाली किंवा भिंतीलगत टांगलेली पत्र्याची लांबच लांब पन्हळ. मेट्रो स्टेशनमध्ये किंवा मॉलच्या पार्किंगमध्ये मान वर करून पाहिलंत तर ती दिसेल. शिडीसारख्या आडव्या पट्ट्या असलेला ट्रे जड पॉवर केबल्ससाठी वापरतात, कारण त्यात हवा खेळती राहते. छिद्रांच्या पत्र्याचा ट्रे हलक्या केबल्ससाठी असतो.

कॉन्ड्युट: एक किंवा मोजक्या केबल्ससाठीचा पाइप. ट्रेमधून बाहेर पडून एखाद्या मोटरपर्यंत किंवा कॅमेऱ्यापर्यंत जायचं असेल तर हा शेवटचा टप्पा बहुतेक वेळा कॉन्ड्युटमधून होतो.

डक्ट: जमिनीखाली पुरलेले पाइप. असे अनेक पाइप ओळीत मांडून वरून काँक्रीट ओततात, त्याला डक्ट बँक म्हणतात. ठरावीक अंतरावर मॅनहोल असतात. तिथून केबल आत ओढली जाते. एसीच्या हवेचा पत्र्याचा बोगदाही डक्टच म्हणवला जातो, पण तो वेगळा.

ट्रेंच: वर झाकणं असलेला काँक्रीटचा चर. उपकेंद्राच्या आवारात या झाकणांवरूनच माणसं चालत असतात.

डिझाइनच्या भाषेत या सगळ्या वाटांना मिळून ‘रेसवे’ म्हणतात. इंजिनिअर आधी रेसवेचं जाळं काढतो आणि मग त्यातून एकेक केबल नेतो. जाळं म्हणजे रस्ते आणि केबल म्हणजे त्यावरून जाणारी गाडी, अशी कल्पना केली तर पुढचं सगळं सोपं जाईल.

केबल शेड्यूल म्हणजे काय?

सॉफ्टवेअरला पहिल्यांदा लागते ती यादी. तिला केबल शेड्यूल म्हणतात. प्रत्येक केबलला स्वतःचा नंबर असतो. ती कोणत्या पॅनलमधून निघते, कोणत्या यंत्रापर्यंत जाते, तिच्यातून किती व्होल्टेज जाणार, तांब्याची की ॲल्युमिनियमची, किती कोअरची, बाहेरचा व्यास किती, वजन किती, हे सगळं या यादीत असतं.

दुसरी गोष्ट लागते ती इमारतीचं त्रिमितीय मॉडेल. त्यात खांब, तुळया, पाण्याचे पाइप, एसीचे डक्ट आणि यंत्रं आपापल्या जागी असतात. या मॉडेलमध्ये ट्रे आणि डक्ट काढले जातात. बेंटलीचं रेसवे अँड केबल मॅनेजमेंट, हेक्सागॉनचं स्मार्ट ३डी, अवेवाची प्लांट डिझाइनची सॉफ्टवेअर्स या कामासाठी वापरली जातात. इमारतींच्या कामात ऑटोडेस्कचं रेव्हिट जास्त दिसतं. त्यात ट्रे आणि कॉन्ड्युट काढता येतात. प्रत्येक केबलचा मार्ग शोधायला अनेक कंपन्या त्याला वेगळं प्लगइन जोडतात.

यादी आणि मॉडेल एकमेकांना जोडले गेले की खरं काम सुरू होतं.

सॉफ्टवेअर रस्ता कसा शोधतं?

मोबाइलवरचा नकाशा जसा शोधतो, जवळपास तसाच.

जिथे दोन ट्रे मिळतात, जिथे ट्रेमधून कॉन्ड्युट फुटतो, जिथे मॅनहोल आहे, अशा प्रत्येक जागी सॉफ्टवेअर एक बिंदू मानतं. दोन बिंदूंमधला ट्रेचा तुकडा म्हणजे रेषा आणि त्या तुकड्याची लांबी म्हणजे त्या रेषेची किंमत. आता प्रश्न एवढाच उरतो, की पॅनलपासून यंत्रापर्यंत सर्वांत कमी किमतीची वाट कोणती?

या प्रश्नाचं सर्वांत प्रसिद्ध उत्तर डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये शोधलं आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केलं. ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत बसल्या बसल्या वीसेक मिनिटांत ते सुचलं, असं त्यांनी नंतर सांगितलं होतं. जाळ्यातून सर्वांत कमी अंतराची वाट शोधणाऱ्या अनेक प्रोग्रॅम्सच्या मुळाशी हीच पद्धत किंवा तिची सुधारलेली रूपं असतात.

पण केबलच्या बाबतीत जवळचा रस्ता सापडला म्हणजे काम संपत नाही. उदाहरण घेऊया. समजा, एका पॅनलपासून पंपापर्यंत जायला तीन वाटा आहेत. पहिली ७० मीटरची, दुसरी ८२ मीटरची आणि तिसरी ९६ मीटरची. पहिल्या वाटेवरचा एक ट्रे आधीच भरलेला आहे. दुसरी वाट जास्त व्होल्टेजच्या केबल्ससाठी राखून ठेवलेल्या ट्रेमधून जाते, तिथे ही केबल टाकायला परवानगी नाही. म्हणून सॉफ्टवेअर ९६ मीटरची वाट देतं.

इथे आणखी एक पेच येतो. केबल लांबली की तिच्या दुसऱ्या टोकाला व्होल्टेज थोडं कमी मिळतं. ते ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी झालं तर जास्त जाडीची केबल घ्यावी लागते. जाड केबल ट्रेमध्ये जास्त जागा खाते. मग तिसऱ्या वाटेवरचा ट्रे भरतो का, हे पुन्हा तपासायचं. हजारो केबल्ससाठी हा हिशोब हाताने करणं किती कठीण असेल, याचा अंदाज यावरून येतो. डिझाइन सुरू असताना एखादं पॅनल दोन मीटर सरकलं की यादीतल्या कित्येक ओळी बदलतात. सॉफ्टवेअरचा मोठा उपयोग तिथे होतो.

एका ट्रेमध्ये किती केबल्स मावतात?

‘ट्रे भरला’ म्हणजे काठोकाठ भरला असं नाही. डिझाइनमध्ये तो बराच आधी भरलेला मानतात.

अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधला कॉन्ड्युटचा नियम जगभर संदर्भासाठी वापरला जातो. पाइपमध्ये एकच केबल असेल तर तिने आतल्या जागेच्या ५३ टक्क्यांपर्यंत जागा घ्यावी. दोन असतील तर मिळून ३१ टक्के आणि तीन किंवा जास्त असतील तर ४० टक्के. दोन केबल्सना सर्वांत कमी जागा का? तर दोन गोल वस्तू गोल पाइपमध्ये शेजारी ठेवल्या की त्यांच्या बाजूंची बरीच जागा वाया जाते.

ट्रेचं गणित वेगळं आहे. समजा, ट्रे ३०० मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर खोल आहे. केबलचा बाहेरचा व्यास ३० मिलिमीटर आहे. अशा एका केबलचं क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस मिलिमीटर भरतं. ट्रेची ४० टक्केच जागा वापरायची असं ठरवलं, तर त्यात १६ केबल्स बसतात.

पण या पॉवर केबल्स असतील तर त्या एकीवर एक रचून चालत नाहीत, कारण त्या तापतात. एकाच थरात, खेटून ठेवल्या तर १० बसतात. दोन केबल्समध्ये एका केबलएवढी मोकळी जागा ठेवली तर फक्त ५.

ट्रे तोच, केबलही तीच. तरी उत्तर १६, १० किंवा ५. कोणतं बरोबर, हे त्या केबलमधून काय जातंय यावर ठरतं. पीव्हीसीचं वेष्टन असलेल्या केबलमधली तार साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली चालते, एक्सएलपीई वेष्टनाची ९० अंशांपर्यंत. त्यापुढे वेष्टन लवकर खराब होतं. दाटीने ठेवलेल्या केबल्स एकमेकींना तापवतात, म्हणून त्यांच्यातून कमी करंट न्यावा लागतो. घरात गुंडाळलेल्या एक्स्टेंशन बोर्डाची वायर हीटर लावल्यावर गरम होते, तसाच हा प्रकार आहे.

याशिवाय पुढे लागतील त्या केबल्ससाठी काही जागा मुद्दाम मोकळी सोडतात. ट्रेला किती वजन पेलवेल, त्याचे आधार किती अंतरावर असावेत, हेही याच हिशोबातून ठरतं.

जमिनीखालच्या डक्टचं गणित वेगळं का?

ट्रे उघडा असतो. केबल वरून ठेवता येते आणि चुकली तर काढताही येते. डक्टमध्ये केबल एका मॅनहोलमधून दुसऱ्या मॅनहोलपर्यंत ओढावी लागते. त्यामुळे तिथे दोन वेगळे प्रश्न उभे राहतात.

पहिला ओढण्याचा. प्रत्येक वळणावर केबल पाइपच्या भिंतीला घासते आणि ताण वाढतो. हा ताण प्रत्येक वळणाला बेरजेने वाढत नाही, पटीत वाढतो. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर एका काटकोनी वळणानंतर ताण सुमारे १.६ पट होतो. अशी तीन वळणं आली की तो सुमारे चार पट. केबल आतून तुटू शकते किंवा वेष्टन सोलून निघू शकतं. आणि हे बाहेरून दिसत नाही, बिघाड कधीतरी नंतर होतो.

म्हणून अमेरिकन कोडनुसार केबल ओढण्याच्या दोन जागांमध्ये कॉन्ड्युटची सगळी वळणं मिळून ३६० अंशांपेक्षा जास्त होता कामा नयेत, म्हणजे चार काटकोन झाले की मध्ये ओढण्याची जागा द्यायची. वळणाची गोलाईही महत्त्वाची असते. केबल किती वळवता येईल ते तिच्या व्यासाच्या पटीत सांगतात. जाड, आर्मर्ड केबल्ससाठी हा आकडा साधारण १२ ते १५ पट असतो. म्हणजे ६० मिलिमीटर जाडीच्या केबलला वळायला पाऊण मीटर किंवा त्याहून मोठी त्रिज्या लागते. मॉडेलमध्ये काटकोनात वळलेला ट्रे दिसायला नीटनेटका असला तरी ती केबल तिथे वळेलच असं नाही.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. डक्ट बँकेतली उष्णता काँक्रीट आणि मातीतूनच बाहेर पडणार. कडेच्या पाइपमधल्या केबल्स त्यातल्या त्यात थंड राहतात, मधल्या जास्त तापतात. हे तापमान कसं काढायचं याची पद्धत नेहर आणि मॅकग्रा या दोन इंजिनिअर्सनी १९५७ मध्ये मांडली. आज आयईसी ६०२८७ हे आंतरराष्ट्रीय मानक त्यासाठी वापरतात. काही सॉफ्टवेअर्स हा हिशोब स्वतः करतात, काहींमधून माहिती दुसऱ्या प्रोग्रॅमला द्यावी लागते.

डक्टबद्दल एक साधा नियम मात्र सगळे पाळतात. काही पाइप रिकामे सोडायचे. गुळगुळीत झालेला रस्ता काही दिवसांतच पुन्हा खोदलेला आपण सगळ्यांनीच पाहिलाय. जमिनीखाली मोकळा डक्ट असेल तर नवी केबल त्यातून ओढता येते, रस्त्याला हात लावावा लागत नाही.

कोणी कोणाच्या शेजारी जायचं?

इथे पुन्हा नरोराकडे यावं लागतं.

केबल्सचे साधारण गट केले जातात. उच्च व्होल्टेजच्या पॉवर केबल्स, कमी व्होल्टेजच्या पॉवर केबल्स, यंत्रांना आदेश देणाऱ्या कंट्रोल केबल्स, आणि सेन्सर, फोन, कॅमेरे यांच्या सिग्नल केबल्स. यांचे ट्रे शक्यतो वेगळे असतात. पॉवर केबलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. शेजारून समांतर जाणाऱ्या सिग्नल केबलमध्ये त्यामुळे नको ते व्होल्टेज येऊ शकतं. सेन्सर सांगतो एक आणि स्क्रीनवर दिसतं भलतंच. प्रकाशावर चालणाऱ्या फायबर केबलला हा त्रास होत नाही.

हे झालं रोजच्या कामासाठी. त्याहून महत्त्वाचं असतं ते संकटातलं वेगळेपण.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी नावाचं अणुवीज केंद्र आहे. २२ मार्च १९७५ला तिथे दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीतून केबल्स आरपार नेलेल्या जागी हवा गळतेय का, हे कामगार तपासत होते. तपासायची पद्धत अशी होती, की मेणबत्ती धरायची आणि ज्योत हलतेय का ते पाहायचं. भोक बुजवायला वापरलेला फोम पेटला. आग सुमारे सात तास चालली. १,६०० हून जास्त केबल्सचं नुकसान झालं, त्यातल्या ६२८ सुरक्षेसाठी महत्त्वाच्या होत्या. पहिल्या युनिटची आपत्कालीन शीतकरण यंत्रणा निकामी झाली. कर्मचाऱ्यांनी दुसऱ्या पंपांनी पाणी पोहोचवून अणुभट्टी सांभाळली.

तिथे मुख्य आणि राखीव यंत्रणांच्या केबल्स वेगळ्या ठेवायचा नियम डिझाइनमध्ये होता. पण यंत्र चालू आहे की बंद, हे दाखवणाऱ्या छोट्या दिव्यांच्या वायरी बिनमहत्त्वाच्या समजल्या गेल्या आणि त्यांना हा नियम लावलाच गेला नाही. त्या वायरींनी दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या.

या आगीनंतर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १९८० मध्ये कडक नियम आणले. सुरक्षित बंद करण्यासाठी लागणाऱ्या दोन यंत्रणांच्या केबल्समध्ये तीन तास आग अडवणारी भिंत हवी. किंवा २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर अंतर हवं, मध्ये पेटणारं काही नको आणि आग ओळखून विझवणारी यंत्रणा हवी. किंवा एक तासाची भिंत आणि त्यासोबत अशी यंत्रणा.

असे नियम आता सॉफ्टवेअरमध्ये भरता येतात. केबल शेड्यूलमध्ये प्रत्येक केबलला तिचा गट लिहायचा, प्रत्येक ट्रेला कोणते गट चालतील ते लिहायचं. मग ‘अ’ गटाची केबल ‘ब’ गटाच्या ट्रेमधून जवळ पडत असली तरी सॉफ्टवेअर तिला त्या वाटेने जाऊ देत नाही. अमुक खोलीत आग लागली तर तिथून जाणाऱ्या कोणकोणत्या केबल्स जातील, ही यादीही काढता येते. कागदी नकाशांवर हे उत्तर शोधायला माणसांना दिवसेंदिवस लागायचे.

मग सॉफ्टवेअर असूनही चुकतं कुठे?

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण इमारतीचं नाही, विमानाचं आहे. पण मुद्दा तोच आहे.

एअरबसच्या ए३८० या दुमजली विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायरिंग असतं. विमानाचे भाग वेगवेगळ्या देशांत तयार होऊन फ्रान्समधल्या तुलूझमध्ये जोडले जात होते. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमधून आलेल्या भागांमधलं वायरिंग जोडताना कळलं, की ते नीट बसत नाही, काही वायरी अपुऱ्या पडतात. जर्मनीत डिझाइनसाठी कॅटिया सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरली जात होती आणि फ्रान्समध्ये पाचवी. दोघांची माहिती एकमेकांत नीट मिसळत नव्हती. २००६ मध्ये कंपनीला विमान लांबणीवर टाकावं लागलं. सगळा विलंब मिळून सुमारे दोन वर्षांचा झाला आणि कंपनीचं अब्जावधी युरोंचं नुकसान झालं. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ते ऑक्टोबर २००७ मध्ये.

इमारतींच्या आणि प्रकल्पांच्या कामात या अडचणीवर आयएफसी नावाचा सामायिक फाइल प्रकार आहे. तो आयएसओ १६७३९ या मानकात येतो आणि त्यात केबल, ट्रे यांच्यासाठी वेगळे वर्ग ठरवून दिलेले आहेत. त्यामुळे एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल दुसरीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतं. तरीही बारीकसारीक माहिती मध्येच गळू शकते, म्हणून तपासणी करावीच लागते.

दुसरी चूक लांबीची. मॉडेल सांगतं ती ट्रेमधली लांबी. पण केबल पॅनलच्या खालून वर चढते, यंत्राच्या टोकाशी वळते, तिथे जोडणीसाठी हातभर जास्तीची ठेवावी लागते. समजा, मॉडेलमधली वाट ७४ मीटरची आहे आणि साइटवर बरोबर ७४ मीटरचा तुकडा कापला, तर तो कमी पडणार. पॉवर केबलला मध्ये जोड देणं शक्यतो टाळतात, कारण जोड हीच पुढे बिघाडाची जागा होते. म्हणजे तो तुकडा तिथे वापरता येणार नाही. म्हणून लांबीत ठरावीक वाढ धरतात. आणि केबल ड्रमवर येते, त्यामुळे कोणत्या ड्रममधून कोणते तुकडे कापले तर कमीत कमी वाया जाईल, याचंही नियोजन केलं जातं.

तिसरी चूक सर्वांत जास्त होणारी. मॉडेलमध्ये एक आणि साइटवर दुसरंच. ऐन वेळी एसीचा डक्ट आडवा येतो, ट्रे फूटभर खाली घेतला जातो, एखादी केबल जवळच्या ट्रेमध्ये टाकून काम उरकलं जातं. ट्रे आणि एसीचा डक्ट एकाच जागी येतायत, ही टक्कर सॉफ्टवेअर आधी दाखवू शकतं. पण साइटवर झालेला बदल कोणी मॉडेलमध्ये नोंदवला नाही, तर सॉफ्टवेअरला तो कळणार कसा? कामानंतरचा खरा नकाशा, ज्याला ‘ॲज-बिल्ट’ म्हणतात, तो अपुरा असेल तर दहा वर्षांनी दुरुस्तीला आलेला माणूस चुकीच्या माहितीवर काम करतो.

चौथी गोष्ट ब्राउन्स फेरीने दाखवलेली. यादीत एखाद्या केबलचा गटच चुकीचा लिहिला, तर सॉफ्टवेअर सगळे नियम पाळून चुकीचा रस्ता देईल आणि स्क्रीनवर एकही लाल खूण दिसणार नाही.

महाराष्ट्रात याचा संबंध कुठे येतो?

मुंबई, पुणे आणि नागपूर या तिन्ही शहरांत मेट्रोची कामं झाली आणि सुरू आहेत. एका स्टेशनचा विचार केला तरी लिफ्ट, सरकते जिने, तिकिटाची गेट्स, सीसीटीव्ही, आगीची सूचना देणारी यंत्रणा, सिग्नल, उद्घोषणा आणि हवा खेळवणारे पंखे, एवढ्या सगळ्यांच्या केबल्स तिथे असतात. भुयारी स्टेशनमध्ये तर जागा मोजकी आणि धूर बाहेर काढणं अवघड. म्हणून तिथे कमी धूर सोडणाऱ्या केबल्स वापरतात. धूर खेचणाऱ्या पंख्यांना आणि आपत्कालीन दिव्यांना जाणाऱ्या केबल्स आगीतही काही काळ काम करत राहतील अशा निवडतात. भिंतीतून केबल जाते तिथलं भोक आग रोखणाऱ्या साहित्याने बंद करतात.

नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने ‘५डी बिम’ ही पद्धत वापरली. त्रिमितीय मॉडेलला कामाचं वेळापत्रक ही चौथी आणि खर्च ही पाचवी मिती जोडली की त्याला ५डी म्हणतात. अशा मॉडेलमध्ये कोणता भाग कधी बसणार आणि त्याला किती खर्च येणार, हे एकाच ठिकाणी पाहता येतं.

थोडक्यात काय?

केबलचा मार्ग ठरवताना अंतर हा अनेक मुद्द्यांपैकी एकच मुद्दा असतो. जागा, उष्णता, वळण, ओढण्याचा ताण, शेजारी कोण आहे आणि आग लागली तर सोबत काय जळेल, हे सगळं एकत्र पाहावं लागतं. हजारो केबल्ससाठी हा हिशोब सॉफ्टवेअर काही मिनिटांत करतं आणि बदल झाला की पुन्हा करतं.

पण राखीव केबल मुख्य केबलपासून वेगळी ठेवायची, हे त्याला आधी माणसानेच सांगावं लागतं. आणि साइटवर ती खरंच वेगळी टाकली का, हेही माणसालाच जाऊन पाहावं लागतं. पुढच्या वेळी मेट्रो स्टेशनमध्ये वर नजर गेली आणि एकाखाली एक असे दोन-तीन वेगळे ट्रे दिसले, तर ते जागा अडवायला तसे टांगलेले नाहीत, एवढं नक्की लक्षात येईल.